परिचर्या व्यवसाय : वेतन व अर्थार्जन

रुग्णांची शुश्रूषा, प्रसूतिपूर्व व प्रसूत्युत्तर देखभाल, रोगप्रतिबंधक कार्य इ. कामे प्रशिक्षित व नोंदणीकृत व्यक्तींकडून सोपविली जाणारा व्यवसाय म्हणजे परिचर्या व्यवसाय आणि त्या कामाबद्दल मिळणारा मोबदला, त्यातील वाढ, भत्ते, निवृत्तिलाभ व बढतीच्या संधी यांचा समुच्चय म्हणजे या व्यवसायातील अर्थार्जन होय. परिचारिकेचे वेतन केवळ तिच्या शिक्षणावरून ठरत नाही. ती शासकीय सेवेत आहे की खाजगी रुग्णालयात, कायम पदावर आहे की कंत्राटी, कोणत्या राज्यात वा देशात काम करते, यांवर ते मुख्यतः अवलंबून असते. एकाच परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या, एकाच परिषदेकडे नोंदणी झालेल्या व एकाच शहरात तेच काम करणाऱ्या दोन परिचारिकांच्या मासिक प्राप्तीत तिपटीहून अधिक अंतर असणे भारतात मुळीच दुर्मिळ नाही. या अंतराची कारणे समजून घेतल्यावाचून व्यवसायाच्या आर्थिक बाजूचा विचार होऊ शकत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : यूरोपात दीर्घकाळ रुग्णसेवा धार्मिक संघांतील जोगिणी विनामूल्य करीत. ज्या स्त्रिया पैसे घेऊन हे काम करीत, त्यांना मोलकरणीपेक्षा फारसा वेगळा दर्जा नव्हता. चार्ल्स डिकिन्झच्या मार्टिन चझलविट या कादंबरीतील (१८४३–४४) मद्यपी व बेफिकीर परिचारिका ही त्या काळच्या समजुतीची द्योतक आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात प्रशिक्षणशाळा सुरू केली. तेथील उमेदवार परिचारिकांना निवास, भोजन, गणवेश व धुलाई यांखेरीज वर्षाला १० पौंड हातखर्चासाठी मिळत. परिचर्येला शिस्त, शिक्षण व प्रतिष्ठा या शाळेने मिळवून दिली. परंतु रुग्णालयातच राहावयाचे, तेथेच जेवावयाचे व थोड्या रोख रकमेत भागवावयाचे, ही वेतनाची पद्धतही तिच्याबरोबरच जगभर पसरली. ‘सेवाभाव’ हा शब्द या व्यवसायाच्या गौरवासाठी जितका वापरला गेला, तितकाच तो वेतनवाढीची मागणी परतवून लावण्यासाठीही वापरला गेला, असे म्हणावे लागते.

महाराष्ट्रात मिशनऱ्यांची रुग्णालये, मुंबईतील जे. जे. व कामा ही रुग्णालये आणि पुण्यातील ससून रुग्णालय यांमधून परिचारिकांच्या शिक्षणास चालना मिळाली. सुरुवातीस यूरोपीय व अँग्लो-इंडियन स्त्रियांचाच तीत भरणा होता. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांना हे काम निषिद्ध वाटे. रमाबाई रानडे (१८६२–१९२४) यांनी पुण्याच्या सेवासदनामार्फत स्त्रियांना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळवून देण्याचा उपक्रम हाती घेतला, तेव्हा त्यामागे समाजसेवेइतकाच स्वावलंबी अर्थार्जनाचाही हेतू होता. आश्रितपणे जगणाऱ्या विधवेच्या हाती स्वतःच्या कष्टाचे वेतन पडणे ही त्या काळी मोठीच घटना होती.

ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही परिचारिकांची अखिल भारतीय संघटना १९०८ मध्ये स्थापन झाली. मुंबई इलाख्यात नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये, तर भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ मध्ये झाला. महाराष्ट्राचा स्वतंत्र परिचारिका अधिनियम १९६६ चा आहे. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला, त्या वेळी देशात सु. ४३,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका असे प्रमाण होते. संख्या इतकी अपुरी असूनही वेतने वाढली नाहीत, ही गोष्ट लक्षणीय आहे. वस्तू दुर्मिळ झाली की तिची किंमत चढते, हा बाजाराचा सामान्य नियम येथे का लागू पडला नाही, याचा विचार पुढे केला आहे.

शिक्षण व पदे : साहाय्यक परिचारिका प्रसाविका (ए.एन.एम.) हा दोन वर्षांचा, सामान्य परिचर्या व प्रसाविका (जी.एन.एम.) हा तीन वर्षांचा आणि बी.एस्‌सी. परिचर्या हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पदविकाधारकांस दोन वर्षांच्या पूरक अभ्यासक्रमाने पदवी घेता येते व त्यापुढे दोन वर्षांचा एम्‌.एस्‌सी. अभ्यासक्रम असतो. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ पासून पदवीचे शिक्षण देत आहे. महाराष्ट्राच्या शासकीय सेवेत ए.एन.एम. झालेली स्त्री आरोग्यसेविका म्हणून उपकेंद्रात वा प्राथमिक आरोग्यकेंद्रात नेमली जाते. जी.एन.एम. वा पदवीधर परिचारिका अधिपरिचारिका म्हणून रुग्णालयात रुजू होते. तेथून परिसेविका (कक्षाची ‘सिस्टर’), साहाय्यक अधिसेविका व अधिसेविका (‘मेट्रन’) अशी चढती पदे आहेत. अध्यापनाच्या शाखेत पाठ्यनिर्देशिका हे पद आहे. केंद्रीय रुग्णालयांत २०१६ पासून स्टाफ नर्सऐवजी परिचर्या अधिकारी असे पदनाम रूढ झाले.

शासकीय सेवेतील वेतन : केंद्रीय पाचव्या वेतन आयोगानुसार (१९९६ पासून) स्टाफ नर्सची वेतनश्रेणी ५,०००–८,००० रु. होती. सहाव्या आयोगाने (२००६ पासून) हे पद ९,३००–३४,८०० रु. या वेतनपट्ट्यात ४,६०० रु. ग्रेड वेतनासह नेले. परिचारिकांच्या दृष्टीने ही मोठी उडी होती व तिच्यामुळेच केंद्रीय नोकरीचे आकर्षण एकाएकी वाढले. सातव्या आयोगाच्या वेतनसारणीत (१ जानेवारी २०१६ पासून) हेच पद सातव्या स्तरावर असून त्याचे मूळ वेतन ४४,९०० ते १,४२,४०० रु. आहे, त्यावरील पद आठव्या स्तरावर, ४७,६०० रु. पासून सुरू होते. याखेरीज दरमहा परिचर्या भत्ता ७,२०० रु. व गणवेश भत्ता १,८०० रु. असे दर २०१७ मध्ये ठरविण्यात आले. महागाई भत्ता दर वेळी ५० टक्क्यांनी वाढला की हे भत्ते एकचतुर्थांशाने वाढावयाचे असतात.

महाराष्ट्र शासनाने सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासूनच, परंतु २०१९ मधील नियमांन्वये लागू केला. त्यानुसार अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४००–१,१२,४०० रु. (एस–१३) व आरोग्यसेविकेची २५,५००–८१,१०० रु. (एस–८) आहे. वार्षिक वेतनवाढ सु. ३ टक्के असते. या दराने राज्यातील अधिपरिचारिकेचे मूळ वेतन आठ वेतनवाढींनंतर ४४,९०० रुपयांवर पोहोचते. म्हणजे केंद्रीय रुग्णालयातील परिचारिका जेथून आरंभ करते तेथे पोहोचण्यास राज्यातील परिचारिकेला आठ वर्षे लागतात. दोघींच्या कामात मात्र असा फरक दाखविणे कठीण आहे. वेतनश्रेणीतील ही तफावत दूर व्हावी, ही राज्यातील परिचारिका संघटनांची जुनी मागणी आहे.

मूळ वेतनाचा आकडा पाहून हाती येणाऱ्या रकमेची कल्पना येत नाही. उदा., जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय महागाई भत्ता ५० टक्के झाला. त्या वेळी मुंबईसारख्या महानगरात नव्याने लागलेल्या केंद्रीय परिचारिकेस ४४,९०० रु. मूळ वेतन, २२,४५० रु. महागाई भत्ता व मूळ वेतनाच्या ३० टक्के म्हणजे १३,४७० रु. घरभाडे भत्ता मिळून ८०,८२० रु. मिळत, परिचर्या व गणवेश हे भत्ते वेगळेच. यातून निवृत्तिवेतन योजनेची वर्गणी, आयकर इ. कपाती होतात. शिवाय अर्जित रजा, वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती, १८० दिवसांची प्रसूती रजा व नोकरीची शाश्वती हे लाभ पैशात मोजले नाहीत, तरी त्यांचे मोल मोठे असते. राज्य शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ रोजी वा नंतर रुजू झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना आपोआप लागू होत नाही, हा बदल मात्र आयुष्याचा हिशेब करताना विसरून चालत नाही. आठव्या केंद्रीय वेतन आयोगाच्या स्थापनेस जानेवारी २०२५ मध्ये मान्यता देण्यात आली.

बढतीच्या बाबतीत शासकीय सेवा तितकीशी उदार नाही. अधिपरिचारिकांची पदे अनेक, परिसेविकांची थोडी व अधिसेविकेचे एखादेच, असा हा निमुळता मनोरा असल्याने अनेक जणी आरंभीच्याच पदावरून निवृत्त होतात. त्यांची कोंडी काही अंशी सुटावी म्हणून दहा, वीस व तीस वर्षांच्या सेवेनंतर वरच्या वेतनस्तराचा लाभ देण्याची आश्वासित प्रगती योजना आहे. तीमुळे वेतन वाढते, अधिकार वाढत नाही.

सैनिकी परिचर्या सेवा हा वेगळा व तुलनेने उत्तम मोबदल्याचा मार्ग होय. तीत प्रवेश करणारी स्त्री लेफ्टनंट या अधिकारी पदावर नियुक्त होते. तिचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून (दहावा स्तर) सुरू होते व दरमहा १०,८०० रु. सैनिकी सेवा वेतन मिळते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातील परिचर्या महाविद्यालयात या सेवेसाठी चार वर्षांचे पदवी शिक्षण शासकीय खर्चाने दिले जाते. त्याबदल्यात ठराविक काळ सेवेचे बंधपत्र लिहून द्यावे लागते.

कंत्राटी नेमणुका : शासकीय रुग्णालयात काम करणारी प्रत्येक परिचारिका वर वर्णिलेले वेतन घेते, असा समज चुकीचा ठरेल. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली अकरा–अकरा महिन्यांच्या कंत्राटावर नेमलेल्या परिचारिकांना महाराष्ट्रात अलीकडच्या वर्षांत दरमहा सु. २०,००० रु. एकत्रित मानधन देण्यात आले आहे. एकाच कक्षात, एकाच पाळीत, शेजारच्या खाटांवरील रुग्णांची काळजी घेणाऱ्या कायम व कंत्राटी परिचारिकांमधील हा भेद संस्थेच्या एकोप्यासही बाधक ठरतो. मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी बाह्यस्रोतामार्फत पदे भरण्याच्या धोरणाविरुद्ध संप केला, तेव्हा त्यांचा मुख्य आक्षेप हाच होता, की ठेकेदारामार्फत आलेल्या परिचारिकेला ना वेतनाची हमी, ना अनुभवाचे मोल. कोविड-१९ च्या साथीत (२०२०–२१) तात्पुरत्या भरती केलेल्या अनेक परिचारिकांची सेवा साथ ओसरताच संपुष्टात आली. त्या काळात केंद्र शासनाने आरोग्यकर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांची विमा योजना जाहीर केली होती. मात्र मृत्यूनंतरचा विमा आणि जिवंतपणी मिळणारे वेतन या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

खाजगी क्षेत्र : देशातील परिचारिकांपैकी फार मोठा वर्ग खाजगी रुग्णालयांत व शुश्रूषागृहांत काम करतो. महानगरांतील मोठी निगम रुग्णालये, धर्मादाय न्यासांची रुग्णालये व एकट्या डॉक्टरची दहा–वीस खाटांची शुश्रूषागृहे यांत वेतनाचे मान अतिशय भिन्न असते. लहान गावांतील शुश्रूषागृहांत नोंदणीकृत परिचारिकेऐवजी अर्धशिक्षित मदतनीस मुलगी ठेवून काम भागविले जाते व त्यामुळे प्रशिक्षित परिचारिकेच्या वेतनावरही दडपण येते. काही रुग्णालये परिचारिकेची मूळ प्रमाणपत्रे स्वतःकडे ठेवून घेत व मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास मोठ्या रकमेची मागणी करीत. बंधपत्राच्या या प्रथेविरुद्ध २०११ च्या सुमारास मुंबई, दिल्ली व केरळ येथे असंतोष उफाळून आला.

याच वर्षी ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी दिलेल्या निर्देशानुसार केंद्र शासनाने डॉ. जगदीश प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींनुसार २०० हून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयांत राज्य शासनाच्या परिचारिकेइतके वेतन द्यावे. १०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयांत ते शासकीय वेतनापेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी नसावे व ५० ते १०० खाटांच्या रुग्णालयांत २५ टक्क्यांहून अधिक कमी नसावे. ५० पेक्षा कमी खाटा असल्यास वेतन दरमहा किमान २०,००० रु. असावे. रजा, कामाचे तास, वाहतूक व निवास यांबाबतही शासकीय सेवेशी समानता असावी, असे समितीने सुचविले. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अंमलबजावणी त्यांच्यावर सोपविली गेली आणि बहुतेक ठिकाणी शिफारशी कागदावरच राहिल्या. केरळमध्ये मात्र परिचारिकांच्या संघटनांनी दीर्घकाळ लढा दिल्यावर एप्रिल २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना निघाली व २०,००० रु. हे आरंभीचे किमान वेतन ठरले. शिफारस व अधिसूचना यांतील फरक यावरून स्पष्ट होतो : अधिसूचनेचा भंग केल्यास मालकावर कारवाई करता येते.

खाजगी नोकरीत भविष्यनिर्वाह निधी, उपदान व राज्य कामगार विमा हे लाभ मिळतात किंवा नाहीत, हे नेमणूकपत्रावरून कळते. अनेक लहान शुश्रूषागृहे असे पत्रच देत नाहीत. पुढे शासकीय पदासाठी वा परदेशी नोकरीसाठी अर्ज करताना अनुभवाचा दाखला मागितला जातो, त्या वेळी या उणिवेची झळ पोहोचते. घरी जाऊन शुश्रूषा करण्याचे कामही मोठ्या शहरांत उपलब्ध असते. ते बहुधा ‘ब्यूरो’मार्फत बारा तासांच्या पाळीप्रमाणे मिळते, ब्यूरो आपले कमिशन कापून घेतो आणि रुग्ण बरा झाला वा दगावला की मिळकत थांबते.

वेतने कमी राहण्याची कारणे : पहिले कारण ग्राहकांच्या मक्तेदारीचे. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये श्रमाच्या बाजारातील अशा स्थितीचे विवेचन केले. एखाद्या गावात वा जिल्ह्यात परिचारिकेला काम देणारी दोन–तीनच रुग्णालये असतील, तर तुटवडा असूनही ती वेतन वाढवीत नाहीत; कारण एका नव्या परिचारिकेला अधिक वेतन दिल्यास आधीच्या सर्वांना ते द्यावे लागते. त्यापेक्षा जागा रिकाम्या ठेवणे व असलेल्यांकडून अधिक काम घेणे त्यांना परवडते. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकानुसार अध्यापन रुग्णालयांत तीन व सामान्य रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. रात्रपाळीत चाळीस–पन्नास रुग्णांमागे एकच परिचारिका दिसते, तिच्या मुळाशी पुष्कळदा हाच हिशेब असतो.

दुसरे कारण असे, की परिचर्येचा आकार रुग्णाच्या देयकात क्वचितच योग्य त्या मोलाने दिसतो. शस्त्रक्रिया, तपासण्या व औषधे यांची स्वतंत्र आकारणी होते, तर परिचर्या खाटेच्या भाड्यात अंतर्भूत धरली जाते. डॉक्टर रुग्णालयास उत्पन्न मिळवून देतो व परिचारिका खर्च वाढविते, अशी जमाखर्चाची मांडणी त्यामुळे रूढ झाली आहे. शस्त्रक्रियेनंतरचे संसर्ग, खाटेवर पडून होणारे व्रण, औषधातील चुका या गोष्टी परिचारिकेच्या दक्षतेमुळे टळतात. परंतु जे घडले नाही त्याचे देयक करता येत नाही. तिसरे कारण सामाजिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील परिचर्या कर्मचाऱ्यांत सु. ९० टक्के स्त्रिया आहेत. स्त्रीची मिळकत ही कुटुंबातील दुय्यम मिळकत समजण्याची वृत्ती अद्याप सरलेली नाही. प्रत्यक्षात अनेक परिचारिका घरातील एकमेव मिळवत्या असतात.

परदेशातील अर्थार्जन : भारतीय परिचारिका प्रामुख्याने आखाती देश, ब्रिटन, आयर्लंड, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व अलीकडे जर्मनी येथे जातात. यांत केरळी परिचारिकांचा वाटा सर्वांत मोठा असून महाराष्ट्रातून जाणाऱ्यांतही मुंबई–पुण्याच्या रुग्णालयांत काही वर्षे अनुभव घेतलेल्या केरळी परिचारिका बऱ्याच असतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत (इंग्लंड) नवीन परिचारिकेस पाचव्या पट्ट्यात २०२५–२६ साठी वार्षिक ३१,०४९ ते ३७,७९६ पौंड वेतन आहे. अमेरिकेत मे २०२४ मध्ये नोंदणीकृत परिचारिकांचे मध्यक वार्षिक वेतन ९३,६०० डॉलर होते. या आकड्यांना रुपयांत गुणून हुरळून जाणे योग्य नव्हे. लंडनमध्ये एका खोलीचे भाडेही वेतनाचा मोठा हिस्सा खाऊन टाकते. खुद्द ब्रिटनमधील परिचारिकांनाही हे वेतन अपुरे वाटल्याने डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या संघटनेने इंग्लंडमध्ये प्रथमच संप पुकारला. आखाती देशांत वेतन कमी असले, तरी त्यावर आयकर नसतो व निवास बहुधा मालकाकडून मिळतो. त्यामुळे शिल्लक टाकण्याच्या दृष्टीने ते अनेकींना सोयीचे वाटतात. मात्र तेथे कायमचे वास्तव्य व निवृत्तिवेतन मिळत नाही.

परदेशगमनाचा खर्च हा स्वतंत्र विषय आहे. इंग्रजीची वा जर्मनची भाषापरीक्षा, अमेरिकेसाठी परवाना परीक्षा, कागदपत्रांची पडताळणी यांवर बराच पैसा लागतो व खाजगी दलाल त्यावर लाखो रुपये उकळीत आले आहेत. कुवेतसाठीच्या भरतीतील गैरव्यवहार उघडकीस आल्यावर २०१५ मध्ये केंद्र शासनाने आखाती देशांसह अठरा देशांसाठी परिचारिकांची भरती केवळ शासकीय संस्थांमार्फतच करण्याचा नियम केला. केरळमधील नोर्का रूट्स व ओडेपेक या त्यांतील प्रमुख संस्था होत. जुलै २०१४ मध्ये इराकमधील तिक्रीत येथे युद्धात सापडलेल्या ४६ भारतीय परिचारिकांची सुटका झाली. घरी शैक्षणिक कर्ज फेडावयाचे असल्याने त्यांतील काही जणी गोळीबार चालू असतानाही परतण्यास कचरत होत्या, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. खाजगी महाविद्यालयाचे शुल्क कर्ज काढून भरावयाचे व देशातील वेतनातून ते फिटत नाही म्हणून परदेशी जावयाचे, या चक्राचे हे टोकाचे उदाहरण होय.

अभ्यासक्रमाची निवड करताना म्हणूनच शुल्क व संभाव्य वेतन यांचे गुणोत्तर पाहणे अगत्याचे ठरते. शासकीय परिचर्या विद्यालयातील शुल्क अल्प असते, तर खाजगी महाविद्यालयात चार वर्षांचा एकूण खर्च काही लाखांच्या घरात जातो. दरमहा १५,००० रुपयांच्या खाजगी नोकरीतून असे कर्ज फेडण्यास दीर्घकाळ लागतो. परिषदेची मान्यता नसलेल्या संस्थेतील प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही व नोंदणीवाचून शासकीय पद वा परदेशी परवाना मिळत नाही. अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह, रक्तशुद्धीकरण, नवजात अर्भकांची परिचर्या अशा विभागांतील अनुभवास देशात व परदेशात अधिक मागणी आहे. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता परिचर्येचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. परंतु तो पूर्ण करणाऱ्यांसाठी शासकीय सेवेत पुरेशी स्वतंत्र पदे व वेतनश्रेणी निर्माण झाल्या नाहीत. परिणामी अशी पात्रता मिळविलेल्या परिचारिका एक तर अध्यापनाकडे वळतात किंवा परदेशाची वाट धरतात. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग अधिनियम संमत केला. त्यात शिक्षण, नोंदणी व व्यावसायिक आचार यांच्या नियमनाची तरतूद आहे. वेतन ठरविण्याचा अधिकार मात्र त्यात आयोगाकडे दिलेला नाही.